कंट्रोल सतरा, कंट्रोल अठरा

३ ऑक्टोबर २००४, रविवार. भरे.

आलो बाबा एकदाचे! श्रीगोंद्याहून पहाटे निघालो. टेम्पोवाल्याने अकराचा वायदा केला होता आणि पठ्ठ्याने पावणेअकराला दारात उतरवलं. दोन खोल्या, मोरी, पुढे ओटा, वर पत्रा. घरमालक अण्णासाहेब ओट्यावरच उभे होते. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी नळ कधी येतो, लाइट कधी जाते आणि शेजारचा माणूस कसा नालायक आहे हे सगळं सांगून टाकलं. वर म्हणाले, काही लागलं तर हाक मारा, मी काय दूर न्हाई.

शारदाने गॅस जोडायच्या आधी आरसा टांगला. तिला पाचवा महिना चालू आहे. वाकू नको म्हटलं तर ऐकेल ती शारदा कसली! माझ्या सख्ख्या मामाची मुलगी ही. लहानपणी मला वाल्या म्हणायची आणि दगड मारायची. आता चारचौघांत ‘अहो वाल्मीकराव’ आणि घरात पुन्हा वाल्या.

आमच्या दोघांची आजी एकच, माझ्या आईची आई म्हणजे तिच्या वडिलांची आई. आजीचं माहेर इथलंच, मुळशीचं, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. गाव बुडालं तेव्हा ती लहान होती, बापाच्या खांद्यावर बसून नगरकडे आली म्हणे. आजी जाऊन दहा वर्षं झाली. शारदा म्हणते, आजीच्या माहेरी आलोय म्हणजे आपले लाड झालेच पाहिजेत. झालेच पाहिजेत!

४ ऑक्टोबर, सोमवार.

नोकरीचा पहिला दिवस. प्रयोगशाळा लहानशीच आहे, पण स्वच्छ. प्रमुख मेधा मॅडम. बोलतात हळू, पण समोरच्याला ऐकावंच लागतं. रक्तातली जनुकं वाचायच्या मशीनवर निषाद म्हणून एक पुण्याचा मुलगा आहे, माझ्याच वयाचा, सारखा च्युइंगम चघळतो. माझं काम वाड्यावस्त्यांवर जाऊन रक्त काढायचं. ते तर माझ्या हातात आहे. श्रीगोंद्याच्या लॅबमध्ये लोक नंबर लावून बसायचे, वाल्मीकची सुई टोचलेली कळत नाही म्हणून.

मॅडमनी काम समजावून सांगितलं. इथून वर डोंगरातल्या एका वाडीत एक मुलगी आहे, तिला दुखतच नाही. पडलं, भाजलं, कापलं, काही नाही. शिवाय घाम येत नाही, म्हणून उन्हात अंग तापलं की निवत नाही. एका जनुकात बिघाड आहे, त्याचं नाव एनटीआरके-वन. पेशीच्या अंगावर बाहेरून येणारा निरोप घेणारी प्रथिनं असतात, दारावरच्या बेलसारखी. त्यातली एक हे जनुक बनवतं. बाळ पोटात असताना दुखण्याच्या नसांना ‘वाढा, जगा’ असा निरोप त्या बेलवरून मिळतो. बेलच बसवली नसेल तर निरोप पोचत नाही आणि त्या नसा जन्माआधीच मरून जातात. एका पालकाकडून बिघडलेली प्रत आली आणि दुसऱ्याकडून चांगली, तर काही होत नाही, माणूस ठणठणीत. दोन्हीकडून बिघडलेली आली तरच आजार. मी विचारलं, औषध? मॅडम म्हणाल्या, औषध नाही, राखण करायची.

इथे एक रिवाज आहे. नवीन माणसाने पहिल्याच दिवशी आपलं रक्त द्यायचं. आजारी माणसाशी ताडून बघायला निरोगी माणसांचे नमुने लागतात, त्यांना ‘कंट्रोल’ म्हणतात. लांब कुठे जाणार, म्हणून आपसातलेच घेतात. नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. मी फुशारकी मारली आणि स्वतःच्या डाव्या हातातून स्वतःच काढून दाखवलं. निषादने टाळ्या वाजवल्या. माझा नंबर सतरा.

११ ऑक्टोबर, सोमवार.

वाडीवर गेलो. जीप जिथे थांबते तिथून तासाभराचा चढ आहे, ऑक्टोबरचं ऊन, शर्ट पिळून काढला. घर कोंडीबा म्हणून एका म्हाताऱ्याचं. त्याचा मुलगा गोरख हिंजवडीला बांधकामावर असतो, घरी फारसा येत नाही. घरात सून सखू आणि नात प्राजक्ता, वय वर्षं सहा. या मुलीचंच सगळं.

गोड पोरगी आहे. दोन बोटांची पेरं नाहीत. दात आले तेव्हा तिने ती चावून टाकली. जिभेचा शेंडाही तसाच गेला, म्हणून बोबडं बोलते. मी रक्त काढत होतो तर सुईकडे टक लावून बघत होती, आणि झाल्यावर म्हणाली, अजून काढा की. आम्ही सगळे घामाने निथळत होतो आणि तिचं कपाळ कोरडं ठाक. हात लावला तर ऊन. सखूने तिच्या अंगावर ओलं पोतं टाकलं होतं.

सखू म्हणाली, रोज संध्याकाळी ती पोरीला दारात उजेडाला बसवते आणि केसांपासून टाचेपर्यंत बघते, तांदूळ निवडावेत तसं. कुठं काटा, कुठं भाजलं, कुठं हाड सरकलं. हिच्या आधीचा मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला, वैशाखात. अंग तापत गेलं आणि संपलं. देवीचा कोप म्हणून घरच्यांनी त्याला पांघरुणात गुंडाळून ठेवलं होतं, हे तिने मला दोनदा सांगितलं.

घरी शारदाला सगळं सांगितलं नाही. पोटुशी बाईला असलं सांगू नये.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार. दसरा.

आज मशीनची पूजा! लाखो रुपयांच्या मशीनला झेंडूची माळ, समोर नारळ, आणि निषाद म्हणतो नारळाचं पाणी आत गेलं तर मी जीव देईन. सगळ्यांना घरच्या माणसांसकट बोलावलं होतं. शारदा मोरपंखी साडी नेसून आली आणि दहा मिनिटांत मॅडमशी अशी गप्पा मारायला लागली की जणू माहेरची माणसं.

मॅडम म्हणाल्या, कंट्रोलमध्ये बायका कमी पडतात. झालं, शारदाने हात पुढे केला. मीच काढलं. ती म्हणाली, कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, उगाच नाही लोक नंबर लावत. नळीवर मीच अठरा लिहिलं आणि फ्रीजमध्ये माझ्या नळीशेजारी ठेवली. सगळे मला बायकोवरून चिडवत होते. मजा आली.

६ नोव्हेंबर, शनिवार.

आज भलतंच घडलं. कोंडीबाने माझं गाव विचारलं, मी आजीचं बुडालेलं गाव सांगितलं. म्हातारा उठून उभाच राहिला. आजीच्या माहेरचं आडनाव आणि त्याचं आडनाव एकच निघालं. पाणी आलं तेव्हा काही घरं वर डोंगरात सरकली आणि काही नगरकडे गेली. त्याच्या बापाची चुलतबहीण ती आमची आजी! त्याने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, म्हणाला, भाचा हायेस तू माजा. मी पाया पडलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? शारदा आता दिवाळीचा फराळ वाडीवर पाठवणार आहे.

दुपारी मॅडमना हे सांगायला गेलो. त्या तेव्हा वाडीच्या घरांची वंशावळ काढत होत्या. सखू आपल्या आत्याच्याच, म्हणजे कोंडीबाच्या बायकोच्या घरी दिलेली आणि ती आत्याही कोंडीबाच्या नात्यातलीच, म्हणून सखू आणि गोरखच्या मध्ये दुहेरी रेघ. नात्यातलं लग्न असलं की दुहेरी रेघ काढतात. मी हसून म्हटलं, मॅडम, आमच्याकडे तर निम्म्या गावाला दुहेरी रेघा लागतील. त्या हसल्या नाहीत. पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, तोच तर प्रश्न आहे.

मी माझं, कोंडीबाशी निघालेलं नातं आणि शारदा मामाची मुलगी, काहीच सांगितलं नाही. का, कुणास ठाऊक. विषय बदलला.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार.

निषादने बोलावलं. कंट्रोलपैकी दोन नमुन्यांत प्राजक्ताच्या घरातलाच बदल सापडला, जनुकातलं तेच अक्षर, तीच जागा. दुहेरी नाही, एकेरी, म्हणजे दोनपैकी एकच प्रत बिघडलेली. तो वैतागला होता. म्हणाला, हा बदल बाहेरच्या कुणात असायची शक्यताच नाही, त्यात दोन नमुन्यांत आणि तेही लागोपाठच्या? वाल्मीक, तू वाडीचं रक्त यात सांडलंस.

मी नंबर विचारले. सतरा आणि अठरा.

मी म्हटलं, बघतो.

२७ नोव्हेंबर, शनिवार.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. पुन्हा स्वतःचं रक्त काढलं. आज पहिल्यांदा माझी सुई मला दुखली. सकाळी शारदाचंही काढलं, हिमोग्लोबिन बघायचंय म्हणून. मशीन चालवायला निषादकडून थोडं थोडं शिकलोच आहे. नवी नळी, नवे हातमोजे, सगळं धुऊन पुसून. सांडलं असेल तर या वेळी काही निघणार नाही. सांडलंच असेल. मी काय देव आहे का, चुका होतात. विठ्ठला, माझी चूक असू दे.

२ डिसेंबर, गुरुवार.

चूक नाही.

दोघांतही आहे. आजीकडून माझ्या आईत, आईतून माझ्यात. आजीकडून मामात, मामातून शारदात. एकाच घरातून निघालं आणि आम्ही लग्न करून ते पुन्हा एका घरात आणलं.

चारात एक. तीन वेळा काही नाही, एक वेळा प्राजक्ता. सातवा महिना लागलाय. आता पोटातल्या बाळाचं काही करता येत नाही, कायद्याने नाही आणि कशानेच नाही. समोर शारदा बाळंतविड्याची टोपडी शिवत बसली आहे, मला विचारते, पिवळं की हिरवं? मी म्हटलं, पिवळं.

६ डिसेंबर, सोमवार.

निषादला सांगितलं, सांडलं होतं, माझीच चूक. त्याने रजिस्टरमध्ये सतरा आणि अठरावर तांबडी काट मारली. मॅडम बोलल्या, चांगलंच बोलल्या. मला बरं वाटलं. शिव्या खाताना बरं वाटावं, अशी वेळ आली.

मॅडमना खरं सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग त्या शारदाला सांगणार. आणि शारदा माझ्याकडे बघणार. मामाने कुठलंही स्थळ न बघता मला मुलगी दिली, घरातला मुलगा, बघितलेला, पारखलेला. मला नाही जमत. चारात तीन वेळा काही होत नाही. तीन म्हणजे पुष्कळ झाले.

१९ डिसेंबर, रविवार.

शारदाचं डोहाळजेवण झालं, श्रीगोंद्याला. तिला फुलांनी मढवलं होतं. हिरवा चुडा भरला. आई आणि मामी गाणी म्हणत होत्या. मामाने मला मिठी मारली. मी सगळ्या फोटोंत हसलोय.

आता ती बाळंतपण होईपर्यंत माहेरीच. मी एकटा परत आलो.

१४ जानेवारी २००५, शुक्रवार.

संक्रांत. वाडीवर तिळगूळ घेऊन गेलो. प्राजक्ता पळत सामोरी आली आणि तिचा डावा पाय प्रत्येक पावलाला बाहेर वळत होता. घोट्यात मोडला होता. केव्हा, तिला माहीत नाही. कालची संध्याकाळची तपासणी राहिली होती, सखू लाकडाला गेली होती. एकच दिवस. सखू कपाळावर मारून घेत होती.

पोरीला पाठीवर घेऊन खाली आणलं. माझ्या कानाशी तिळगूळ चघळत ती गाणं म्हणत होती. मोडलेला पाय माझ्या कमरेवर आपटत होता, आणि ती गाणं म्हणत होती.

सखू वाटेत म्हणाली, दुखलं म्हंजी दुसऱ्याचं पोर आईला सांगतं. माजं सांगत न्हाई.

११ फेब्रुवारी, शुक्रवार.

मुलगी! पावणेतीन किलो. मामाचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. सगळ्यांना पेढे. निषादने उचलून घेतलं मला. मी विचारलं, रडली का? मामा हसले, म्हणाले, रडली की, थोडीशी. डॉक्टरांनी पायावर टिचकी मारली तर नाही, पण मग भुकेला रडली.

भुकेला सगळीच रडतात. प्राजक्ताही भुकेला रडायची.

१४ फेब्रुवारी, सोमवार.

मामीचा फोन. बाळाला पहिली लस दिली. नर्स म्हणे, वीस वर्षांत असं गुणी बाळ बघितलं नाही, हूं की चूं नाही.

मामी कौतुकाने सांगत होती. मी रिसीव्हर ठेवून दिला.

२२ फेब्रुवारी, मंगळवार. श्रीगोंदा.

बारसं. नाव स्वरदा ठेवलं, शारदाने निवडलेलं. माझ्यासारखं नाक. पापण्या इतक्या लांब की मामी म्हणते दृष्ट लागेल. मी तिला घेतलं तेव्हा तिने माझं बोट धरलं आणि सोडेना.

दुपारी कान टोचायला सोनार आला, चंद्रकांत म्हणून. आमच्या दोघांचेही कान त्यानेच टोचलेत. बायका भोवती जमल्या, कुणाच्या हातात खुळखुळा, कुणाच्या बोटावर मध, रडायला लागली की गप्प करायला. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मनात एकच, रड. रड ग बाई. सगळं घर डोक्यावर घे.

त्याने उजवा कान टोचला. ती मामीच्या खुळखुळ्याकडे बघत होती. तार वळवून गाठ मारली. ती बघत होती. मग डावा. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, पुण्यवान आहे म्हणे, गेल्या जन्मीची जोगीण. शारदा अशी फुलली होती आनंदाने.

सोनाराने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो बाळाकडे बघत राहिला. बाहेर चपला घालताना मला एकट्याला म्हणाला, चाळीस वर्षं टोचतोय मी. हे चांगलं नाही.

कानाला लावलेला कापूस मी खिशात घातला.

३ मार्च, गुरुवार.

कापसातलं रक्त बघितलं.

दुहेरी.

तीन वेळा बघितलं. दुहेरी.

१९ मार्च.

लिहावंसं वाटत नाही. जेवण जात नाही. वाडीवर जातो आणि सखू काय काय करते ते बघून येतो. शिकून घेतो. तिला वाटतं मी कामासाठी विचारतो. ओल्या पोत्याचं, मोज्यांचं, बोटांना चिंध्या बांधायचं. दात यायच्या वेळी काय केलंस? ती म्हणाली, काय करनार, बघत बसलो.

शारदाला फोनवर रोज सांगायचं ठरवतो. ती बाळाचं हसणं ऐकवते.

२४ एप्रिल, रविवार.

दोघी आल्या. घर भरलं. पत्रा तापलेला असतो दिवसभर, मी वर पेंढा टाकला, पाणी मारतो. शारदा हसते, म्हणते, तुला ऊन कधीपासून लागायला लागलं रे वाल्या?

बाळाचं अंग दुपारी ऊन असतं. ती म्हणते, माझं दूध उष्ण पडत असेल. स्वरदाच्या मानेत, काखेत, कुठेच ओल नाही. शारदाला ते बरं वाटतं, घामोळं नाही म्हणून.

२७ एप्रिल.

शारदा पाणी भरायला गेली असताना तळपायाला सुई लावली. बारीक, अगदी टोक. माझी सुई कळत नाही कुणाला, म्हणून जरा जास्त दाबली.

माझ्याकडे बघून हसली.

मशीन चुकत असेल. कधीतरी चुकतंच. एकदा जरी पाय ओढून घेतला तरी —

३० एप्रिल.

रोज बघतो. एकदाच, जास्त नाही. उजवा पाय झाला की दुसऱ्या दिवशी डावा. रड ना. तुझ्या बापासाठी एकदा रड.

मला माहीत आहे मी काय करतोय. मला माझी किळस येते. तरी उद्या बघणार.

५ मे.

तपासणी मी करतो, आंघोळ घालायच्या निमित्ताने. शारदा म्हणते, असा बाप नशिबाला लागतो.

रोज सकाळी ठरवतो, आज सांगायचं. दुपारी ताप चढतो, उतरवण्यात दिवस जातो. लाइट सहा सहा तास नसते. पंखा नाही.

१२ मे.

संपलं.

सखू प्राजक्ताला घेऊन तिच्या पायाचं दुसरं प्लॅस्टर दाखवायला खाली आली होती, ओट्यावर बसली. नात्यातली म्हणून शारदाने चहा केला, बाळ तिच्या मांडीवर दिलं. सखूने पाठीवर हात फिरवला. थांबली. मानेखाली बोट घातलं. मग पाय हातात घेतले आणि तळवे उजेडाकडे केले.

म्हणाली, “हिला टोचून कोन बघतंय? प्राजीचा बा बी असंच बघायचा.”

शारदाला आधी कळलं नाही. मग प्राजक्ताकडे बघितलं. तिच्या बोटांकडे. मग माझ्याकडे.

सखू बाळाला छातीशी धरून रडायला लागली. आमच्या घरातलं या दुःखाचं पहिलं रडणं ते, परक्या बाईचं.

१२ मे, संध्याकाळ.

तिने एवढंच विचारलं, “कधीपासून माहिती?”

मी सांगितलं. नोव्हेंबर.

ती म्हणाली, “म्हणजे मला चुडा भरला तेव्हा माहिती होतं. तू हसत होतास.”

त्यानंतर बोलली नाही. ना अहो, ना वाल्या.

१४ मे.

बाळाला हात लावू देत नाही मला. तळव्यांना तेल लावते, दिवसातून वीस वेळा. सुईचा डबा विहिरीत टाकला.

मॅडमना सांगितलं शेवटी. सगळं. त्या म्हणाल्या, नोव्हेंबरात सांगितलं असतंस तर उन्हाळ्याआधी काही सोय — मग थांबल्या. उद्या-परवा पुण्यात थंड खोली बघते म्हणाल्या.

१६ मे.

बाळाने काल खालचा ओठ चावला, रक्त — हिरडीच आहे अजून, दात नाहीत, तरी —

शारदा मामाला फोन करायला गेली आणि न करता परत आली. काय सांगणार?

ताप १०२. पाणी. उतरला. पुन्हा चढला.

उद्या पुण्याला जायचं. मॅडमना खोली मिळाली. उद्या दुपारी चारला गाडी.

१७ मे, मंगळवार.

सकाळी दहालाच लाइट गेली. पत्रा आग ओकतोय. अकराला १०३.४.

अण्णासाहेब पळत जीप बघायला गेले. गावातल्या एकनाथची जीप घोटावड्याला आहे, तिकडून निघाली म्हणे. मॅडम फोनवर म्हणाल्या, दर पाच मिनिटांनी ताप लिहून ठेवा, डॉक्टरला लागेल. दुसरा कागद नाही, यातच लिहितो.

शारदा बाळाला घेऊन मोरीत टबात बसली आहे. दार लावलंय. मला आत येऊ देत नाही. आतून आकडा सांगते, मी लिहितो.

१२.१० — १०४.१

१२.१५ — १०४.१. उतरणार आता. उतरणार.

१२.२० — १०४.६

टाकीतलं पाणीसुद्धा गरम झालंय. शेजाऱ्याच्या विहिरीवरून दोन बादल्या आणल्या, दाराशी ठेवल्या. हात बाहेर आला, बादली आत गेली.

१२.२५ — १०४.६

१२.३० — १०५. जीप भुकूमला नाही, भूगावला नाही, कुठे आहे कुणाला — नाही, घोटावड्याहून तिकडून कशाला येईल, मला काही सुचत —

१२.३५ — १०५.४

म्हटलं, शारदा, मला आत येऊ दे. आतून आकडा तेवढा आला.

१२.४० — १०५.४

१२.४५ — १०५.९. हात झटकतेय म्हणते बाळ. एकाच बाजूचा.

१२.५० — १०६

१२.५५ — आकडा नाही आला. हाक मारली. दोनदा. पाणी ओतल्याचा आवाज पण थांबला.

धूळ दिसतेय रस्त्यावर. जीप असेल. जीपच —

१.०० — रडण्याचा आवाज. आतून. रडतेय! रडली, अशी कधीच रडली नव्हती, केवढ्यांदा, रडली माझी बाय, म्हणजे दुखतंय तिला, कळतंय, कळतंय, देवा, मशीन चुकलं होतं —

नाही.

हा शारदाचा —